डबल बेल

एसटीचा कंडक्टर निवृत्त होतो तेव्हा तिकिटाचं मशीन डेपोत जमा होतं, खाकी ट्रंकेत जाते आणि पहाटेच्या गाडीसाठी लावलेला गजर बंद होतो. बाकी काही बदलत नाही. डोकी मोजायची सवय जमा करून घेणारी खिडकी कुठल्याच डेपोत नसते. म्हणून हा माणूस लग्नाच्या पंगतीत, सप्ताहाच्या मांडवात, दहाव्याच्या घाटावरसुद्धा चटकन ओळखू येतो. सगळे बसलेले असतात आणि हा उभा असतो. उभाही अशा ठिकाणी, की दोन्ही दारं दिसावीत. ओठ हलत असतात. बायकांना वाटतं, नामस्मरण चाललंय. तो माणसं मोजत असतो.

आमचे नाना त्यातलेच. माझे थोरले चुलते, पाथर्डी तालुक्यातले. करंजीचा घाट त्यांनी जितक्या वेळा उभ्यानं चढला-उतरला असेल तितक्या वेळा तिथल्या वानरांनीही नसेल. गावात त्यांना ‘डबल बेल’ म्हणतात, कारण बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की ते हाताशी असेल त्या लाकडावर दोनदा टकटक करतात आणि उठतात. पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. चहा झाला, पोहे झाले, मानपानाचा विषय निघतो न निघतो तोच नानांनी टीपॉयवर दोनदा वाजवलं आणि आमच्याकडची सगळी मंडळी सवयीनं उठून उभी राहिली. सोयरीक जमली. मुलाकडच्यांना वाटलं, माणसं करारी आहेत.

आपल्या धंद्याचा अभिमान त्यांना वंशपरंपरेनं आल्यासारखा आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती नगरहून पुण्याला. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावं नाना गणपती अथर्वशीर्षाच्या आधी घेतात. “पहिला कंडक्टर नगरच्या गाडीवर व्हता,” एवढं सांगून ते थांबतात. त्या पदाचा पुढचा वारस समोर उभा आहे हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं.

दारांवर त्यांचा डोळा फार. मंगल कार्यालयात शिरले की नवरा-नवरीकडे नंतर, आधी मागच्या दाराकडे. ते हमखास सोफा लावून बंद केलेलं असतं, नाहीतर त्यावर मांडववाल्यानं झालर ठोकलेली असते. नाना सोफा सरकवतात, झालर बाजूला करतात, कडी उघडून बघतात. पूर्वी आम्ही हसायचो. मग ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण गेले. तेव्हापासून सोफ्याचं दुसरं टोक कोणीतरी गुपचूप धरतं.

असा माणूस समुद्रावर जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमचा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, तालुके चौदा, पण समुद्र एकाच्याही वाट्याला आलेला नाही. पाणी म्हणजे अकोल्याकडच्यांना भंडारदरा, राहुरीकरांना मुळा धरण आणि आम्हा पाथर्डीकरांना टँकर. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या चुलतभावानं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई–गोवा क्रूझ काढली, आणि सोबतीला मला धाडलं.

“कितीची गाडी हाये?” नानांनी विचारलं.

“असतील दीड-दोन हजार माणसं.”

“आन् कंडक्टर किती?”

मला उत्तर देता आलं नाही. नानांनी नानीकडे बघितलं. नानी म्हणाली, “ह्यांचं तिकीट काढू नका, ह्यांना ड्युटीच लावा.”

मुंबईच्या बंदरात जहाजावर चढलो. लोक कॉफीचे पेले घेऊन कठड्यापाशी फोटो काढू लागले. नाना जिन्याच्या तोंडाशी उभे राहून चढणारी तोंडं बघत होते. मी म्हटलं, “नाना, खोली बघू या, चला.” ते म्हणाले, “भरू दे गाडी.”

खोलीत दाराच्या मागच्या बाजूला आमचं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठलं आणि तिथं जायची वाट कुठली, ह्याचा नकाशा लावलेला होता. टीव्हीवर तीच माहिती फिरून फिरून चालू होती. मी चॅनल बदलायला गेलो तर नानांनी रिमोट काढून घेतला. मस्टर स्टेशनला ते पहिल्यापासून ‘फलाट’ म्हणाले आणि उतरेपर्यंत फलाटच म्हणत राहिले. “आपला फलाट बी. ध्यानात ठेव. चुकून सीवर गेलास तर भलतीच गाडी घावंल.”

मग कवायतीचा भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. सातही नानांनी बोटांवर मोजले.

“आमच्यात एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. आन् लागोपाठ वाजवत सुटला म्हंजे कायतरी इपरीत. हितंबी तसंच दिसतंय.” एवढं बोलून ते निघाले. लिफ्ट वापरायची नाही असं टीव्हीनं सांगितलं होतं, म्हणून नानीलाही जिन्यानं नेलं. ती प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणत होती, “बोट बुडंल तव्हा बुडंल. माझे गुडघे आत्ताच बुडले.”

जहाज सुटायच्या आधीची ही कवायत म्हणजे प्रवाशांच्या लेखी कपडे बदलण्याचा वेळ. जे येतात त्यातले निम्मे जिन्यात आणि दारात थबकतात, कारण माणसाला उभं राहायला दारासारखी दुसरी जागा आवडत नाही. आमच्या फलाटावरही तेच झालं. घोषणा इंग्रजीतून झाली, हिंदीतून झाली. पिवळी टोपी घातलेला एक तरुण कर्मचारी हात जोडून “प्लीज, आगे आइए” म्हणत होता. कोणी हलेना. नानांनी अर्धा मिनिट कळ काढली आणि मग करंजी घाट घुमवलेला आवाज लावला:

“चला, पुढं सरका! पुढं सगळी गाडी मोकळी हाये! दारात उभं राहू नका!”

आणि डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर, पुण्याची सदाशिव पेठसुद्धा, सगळे पुढं सरकले. एसटीनं शाळा-कॉलेज केलेल्या माणसाच्या पायांना ह्या वाक्याचा हुकूम थेट कळतो, त्यात डोक्याला विचारावं लागत नाही. गुजराती मंडळींना शब्द कळले नसतील, पण शेजारचा सरकला म्हणून तीही सरकली. दार मोकळं झालं.

लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं गेलं. त्याला पाण्यात लागणारा दिवा असतो आणि शिट्टी असते. शिट्टी आहे म्हटल्यावर नानांचा चेहरा बदलला. फटफजिती व्हायच्या आत मी हात धरायला हवा होता, पण कंडक्टरच्या तोंडाला शिट्टी लागायला किती वेळ लागणार! त्यांनी गाडी फलाटाला मागं घेताना मारतात तशी तुटक, लयदार शिट्टी मारली. वर डाव्या हातानं खूणही केली, ‘येऊ द्या, येऊ द्या.’ मागच्या रांगेतले दोन गृहस्थ खरोखर पाठमोरे चालत आले.

पिवळ्या टोपीच्या मुलाच्या हातात स्कॅनर होता. प्रत्येकाचं कार्ड टिपून झालं आणि त्याचा चेहरा पडला. एक कमी. पुन्हा बघितलं, एकच कमी. नाना त्याच्या खांद्यापाशी गेले.

“हिरवा शर्ट, काखंत चामड्याची बॅग, डाव्या हातात दोन अंगठ्या?”

मुलानं यादी बघितली. यादीत शर्टाचा रंग नसतो. “तुमच्या ओळखीचे आहेत?”

“न्हाई. चढताना बघितला. जो चढताना म्होरच्याला इचारतो जेवाण कुठंय, तो सुटायच्या टायमाला जाग्यावर नसतो.”

दुसरा कर्मचारी वर धावला. हिरवा शर्ट उपाहारगृहात भज्यांपाशी सापडला आणि बशीसकट खाली आणला गेला. यायला अकरा मिनिटं लागली. नानांनी घड्याळ लावलं होतं. तो आल्यावर त्यांनी त्याला काहीच म्हटलं नाही, फक्त कार्ड टिपून होईपर्यंत शेजारी उभे राहिले. विनातिकीट माणसाच्या शेजारी कंडक्टर असाच उभा राहतो, त्याला सगळी गाडी बघत असते.

तो पिवळ्या टोपीचा मुलगा दापोलीकडचा निघाला. रात्री त्याची पाळी संपल्यावर तो आपणहून नानांना शोधत डेकवर आला. मग दोन व्यावसायिक जे बोलतात ते बोलणं सुरू झालं. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

“सुटायच्या आधीच का मोजता? रस्त्यानं मोजलं तर न्हाई चालत?” नानांनी परीक्षेचा प्रश्न टाकला.

मुलगा म्हणाला, पूर्वी चालायचं. चढल्यापासून चोवीस तासांत कवायत घेतली तरी नियम पाळला जायचा. मग १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर घासली आणि कलंडली. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. कुठं जमायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी कवायत सक्तीची झाली.

“आन् डायवर?”

“कॅप्टन? तो प्रवासी आत असतानाच उतरला होता. सोळा वर्षांची शिक्षा झाली त्याला.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत पासिंजर असताना चालक-वाहक आधी उतरले, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसवायला जागाच नव्हती. शेवटी म्हणाले, “सोळा कमी हायेत.”

मग मुलानं टायटॅनिक काढली. १९१२ ची. जहाजावर बावीसशेच्या आसपास माणसं आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. नानांनी ह्यावर मान डोलावली, मढीच्या यात्रेची गर्दी पाहिलेल्या माणसाला जागा कमी पडणं नवं नाही. पण पुढचं ऐकून ते ताडकन उभे राहिले. चाळीस जणांची एक होडी बारा माणसं घेऊन खाली सोडली होती.

“बारा? चाळीसच्या गाडीत बारा? कंट्रोलर झोपला व्हता का? आरं, मेमो मिळाला आस्ता जाग्याव!”

“त्यानंतरच तर नियम आले, नाना. १९१४ साली पहिला करार झाला.”

आता होड्या आणि तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांपेक्षा पंचवीस टक्के जागा जादा ठेवावी लागते, हे नानांना पसंत पडलं. “जादा गाडी पायजेच.” सगळे जॅकेट घालून जमले की होड्या तीस मिनिटांत पाण्यात उतरल्या पाहिजेत, हेही पटलं. होडीत एका माणसाला ४३ सेंटिमीटर रुंदीची जागा आणि वजन ७५ किलो धरतात, इथं मात्र त्यांनी हात आडवा केला. शेजारी ठेवलेल्या पिशवीतून तपकिरीची डबी काढली, विचार केला आणि डेकवर आरामखुर्चीत पसरलेल्या हिरव्या शर्टाकडे हनुवटीनं खूण करून म्हणाले, “ह्याचं दीड तिकीट फाडावं लागंल.”

दापोलीच्या पोराकडेही सांगायला घरचं होतं. ‘रामदास’ त्यानं आजीकडून ऐकलेली. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, आषाढातली अमावास्या. लाट आली तशी माणसं घाबरून एका बाजूला पळाली आणि बोट त्याच बाजूला उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली, घरोघरची. नानांनी शांतपणे विचारलं, “‘हालू नका, जाग्याव बसा’ आसं म्हणणारं कुणी नव्हतं का?” आणि मला पहिल्यांदाच वाटलं की नानांचं हे विचारणं अतिशयोक्तीचं नव्हतं. त्या आवाजाचा एक माणूस असता तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित काहीच नसतं झालं. समुद्र एसटीच्या नियमांनी चालत नाही. पण नानांनी ओरडून तरी बघितलं असतं.

नानी तेवढ्यात हुडकत आली. अख्खं जहाज गाण्यांवर नाचत होतं आणि हे दोघं मेलेली माणसं मोजत बसले होते. “आहो, वाढदिवस हाये आपला,” ती म्हणाली. नानांनी कठड्यावर दोनदा टकटक केली. कठडा लोखंडी होता, पण आवाज बरा आला.

सकाळी गोव्यात उतरायच्या आधी अभिप्रायाचा कागद हातात पडला. जेवण, नाचगाणं, पोहण्याचा तलाव ह्यांना तारे द्यायचे होते. नानांनी ते सगळे रकाने आडव्या रेघा मारून बंद केले. वेबिलात रिकामी जागा ठेवू नये, मागाहून कोणीही काहीही भरतं. शेवटी ‘आपल्या सूचना’ अशी मोकळी जागा होती. तिथं मात्र त्यांनी बूड टेकून, नानीचा चष्मा मागून घेऊन, डेपोतल्या जबाबाच्या अक्षरात लिहिलं:

“गाडी अकरा मिनिटे उशिरा सुटली. कारण भजी. जिन्याच्या तोंडाशी प्रवासी उभे राहतात, त्यांस आत घ्यावे. सूचना मराठीतून द्याव्यात, आवाज मोठा ठेवावा. मोजणी बरोबर आहे. फलाट बी वरील पिवळ्या टोपीचा मुलगा कामाला चांगला आहे. रोजंदारीवर असल्यास कायम करावे.”

खाली सही केली, आणि सहीपुढं बिल्ला नंबर घातला.