प्लास्टिकच्या नांग्या निवडणाऱ्यांची स्तुती

फेब्रुवारी सरत आला की अलाबामा, टेनेसी, टेक्सास या राज्यांतल्या मासेमारीच्या दुकानांत एका भिंतीपुढे माणसं उभी राहतात आणि बराच वेळ तिथून हलत नाहीत. भिंतीवर पाकिटं टांगलेली असतात. पाकिटांत मऊ प्लास्टिकचे, बोटाएवढे क्रॉफिश. हिरवट-तपकिरी रंगाचा ‘ग्रीन पम्पकिन’, लाल चकाकी मिसळलेला ‘वॉटरमेलन रेड’, काळ्यात निळा घातलेला ‘ब्लॅक-ब्लू’. कुणाच्या नांग्या ओढताच फडफडतात, कुणाच्या स्थिर राहतात. कुणात मीठ मिसळलेलं, कुणाला लसणाचा वास. तीन इंची की चार इंची, हा वेगळाच प्रश्न. माणूस एक पाकीट काढतो, उजेडात धरतो, परत ठेवतो, दुसरं काढतो.

हा लेख त्या माणसाच्या स्तुतीचा आहे. व्यवहारी लोक त्याच्या उद्योगाला मूर्खपणा म्हणतात. तो मूर्खपणा आहे, हे मीही मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाच्या हातून होणाऱ्या मूर्खपणांत हा फार वरच्या दर्जाचा आहे आणि तो जपला पाहिजे.

आधी मूळ प्राणी समजून घेऊ, कारण आपल्या नद्यांत तो नाही. भारतात क्रॉफिशची मूळची एकही जात नाही. अंग कोळंबीचं, पुढे खेकड्याच्या नांग्या, राहणं गोड्या पाण्यात, दगडांखाली किंवा चिखलातल्या बिळात. उत्तर अमेरिकेत त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. लुइझियानाने १९८३ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत कवचधारी प्राणी ठरवलं. ह्यूस्टनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी तो मक्याच्या कणसांबरोबर मसाल्यात उकडलेला, लालभडक असा टेबलावर पाहिला असेल. बास माशालाही तो तितकाच आवडतो. बास दोन प्रमुख जातींचा, मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. दगडाळ नद्या-तलावांतल्या लहान तोंडाच्या बासचं तर क्रॉफिश हे मुख्य खाद्य असतं.

व्यवहारी माणसाचा पहिला आक्षेप इथेच येतो. ओढ्यातला दगड उलटला तर खरा क्रॉफिश फुकट मिळतो, मग पैसे मोजून खोटा का घ्यायचा? आक्षेप रास्त आहे. मऊ प्लास्टिकच्या आमिषाची कथा १९४९ ची. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक तापवून साच्यात गांडूळ ओतलं. गांडूळ ही जमीन उकरली की मिळणारी वस्तू, तरीही ते प्लास्टिकचं गांडूळ खपलं. पुढे टेक्सासमधल्या टायलर गावी त्याचा कारखाना चालला. आजही कृती तीच आहे. पीव्हीसीची बारीक पूड तेलासारख्या द्रवात कालवायची, पावणेदोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवायची, रंग आणि चकाकी घालून साच्यात ओतायची. ऐंशीच्या दशकात जीन लॅरू यांनी त्यात मीठ मिसळायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. खारट लागलं की मासा आमिष चटकन थुंकत नाही, अशी त्यामागची समजूत. गोड्या पाण्यातल्या माशाला खारट प्लास्टिक भरवण्याची कल्पना ज्याला सुचली आणि ज्यांनी ती उचलून धरली, त्यांच्या धिटाईपुढे मान लवते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो शास्त्राकडून आला. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या तोंडाच्या बासला रंग कसे दिसतात याचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या माशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि एक लालला दाद देणारी. त्यामुळे लाल आणि हिरवा हे रंग त्याला बऱ्यापैकी वेगळे ओळखता येतात. भडक पिवळसर पोपटी आणि पांढरा यांत मात्र त्याचा घोटाळा होतो. काळा आणि निळा यांतही होतो.

आता गढूळ पाण्यासाठी जो रंग पिढ्यान्‌पिढ्या भरवशाचा मानला गेला, तो ब्लॅक-ब्लू. त्यात निळ्याचं प्रमाण किती असावं, निळा अंगात मिसळलेला असावा की फक्त नांग्यांच्या टोकांना, यावर बोटीत तासन्‌तास चर्चा होते. माशाच्या दृष्टीने ही सगळी चर्चा काळा आणि काळा यांच्यातली असण्याचा संभव दाट आहे. हा अभ्यास जाहीर झाल्यावरही काळ्या-निळ्या क्रॉफिशची पाकिटं भिंतीवरून उतरली नाहीत. उतरायला नकोच होती. गढूळ पाण्यात ठळक काळी आकृती उठून दिसते, म्हणून तो रंग काम करतो. त्यातला निळा माणसासाठी असतो. दिवसभर पाण्यावर उभं राहून पुनःपुन्हा तीच फेक करायला विश्वास लागतो. तो निळ्याने मिळत असेल तर निळ्याची किंमत वसूल झाली.

तिसरा आक्षेप विक्रमांचा. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी तलावात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. मंदीचे दिवस होते, त्यांच्या घरच्यांनी तो मासा खाल्ला. तो विक्रम सत्त्याहत्तर वर्षं एकट्याचा राहिला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ५ औंसांना किंचित कमी वजनाचा बास धरला. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांच्या नावे बरोबरी नोंदली गेली. पेरींचं आमिष मऊ प्लास्टिकचं असणं शक्यच नव्हतं, तो शोध लागायला सतरा वर्षं अवकाश होता. कुरितांच्या गळाला जिवंत मासा होता. म्हणजे जगातल्या या दोन सर्वांत मोठ्या बासपैकी एकही प्लास्टिकच्या नांग्यांना भुललेला नाही.

तिन्ही आक्षेप मान्य. आमिष फुकट मिळत होतं, माशाला रंगातले बारकावे दिसत नाहीत आणि विक्रम दुसऱ्याच आमिषांवर झाले. तरीही तो माणूस भिंतीपुढे उभा आहे. त्याला तिथे उभं राहून काय मिळतं ते आता पाहू.

ग्रीन पम्पकिन घ्यायचा की लालसर, हे ठरवायचं तर आपल्या तलावातला क्रॉफिश कोणत्या रंगाचा आहे हे माहीत हवं. म्हणून तो माणूस काठावर गुडघे टेकून दगड उलटतो. तेव्हा त्याला कळतं की क्रॉफिशला एकच ठरलेला रंग नसतो. जात, पाण्याचा तळ, खाणं, वय यांप्रमाणे तो पालटतो. कुठे मातकट, कुठे शेवाळी, कुठे नांग्यांच्या टोकांना नारिंगी. वाढताना तो जुनं कवच टाकतो आणि नवं कडक होईपर्यंत फिकट आणि मऊ असतो. बासला तो तेव्हा सर्वांत सोपा. पाणी दहा अंश सेल्सियसच्या पुढे तापू लागलं की क्रॉफिशची हालचाल वाढते, आणि अंडी घालायच्या आधी भुकेलेला बासही याच सुमाराला उथळ पाण्याकडे सरकतो. दुकानातली फेब्रुवारीअखेरची गर्दी त्यामुळेच. पाकिटाचा रंग ठरवायला निघालेला माणूस असा तापमापक घेऊन वसंताची वाट पाहणारा होतो.

नांग्यांचंही तसंच. रॉय स्टाइन यांनी लहान तोंडाचा बास आणि क्रॉफिश यांच्यावर केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या नांग्यांचे प्रौढ नर मासे टाळतात, लहान आणि नुकतं कवच टाकलेले आधी खातात, असं त्यात दिसलं. नांगी हे क्रॉफिशचं शस्त्र आहे आणि माशाला शस्त्राचा हिशेब कळतो. म्हणून थंड पाण्यात कात्रीने प्लास्टिकच्या नांग्या छाटून लहान करणारे लोक आहेत. लांबून पाहणाऱ्याला ते खेळण्याचे केस कापणारं मूल वाटेल. प्रत्यक्षात तो माणूस भक्ष्य आणि भक्षक यांच्यातलं जुनं गणित हातात कात्री घेऊन सोडवत असतो.

मग गळ कुठून ओवायचा? क्रॉफिश शांत असताना तळावरून हळूहळू पुढे चालतो. घाबरला की शेपटीचा फटका मारून मागे उसळतो. म्हणून टेक्सास पद्धतीच्या बांधणीत दोरी प्लास्टिकच्या शेपटीकडच्या टोकाला येते, पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन असतं आणि गळाचं टोक मऊ अंगात लपवलेलं असतं, म्हणजे ते झुडपांत अडकत नाही. दोरी ओढली की शेपूट पुढे आणि नांग्या मागे, अगदी पळणाऱ्या क्रॉफिशसारखं. कोंडीत सापडलेला क्रॉफिश नांग्या उभारून उभा ठाकतो. त्यासाठी पाण्यात तरंगणाऱ्या, ताणला तरी सहज न फाटणाऱ्या वेगळ्या प्लास्टिकचे क्रॉफिश निघाले. वजन तळाला टेकलं की त्यांच्या नांग्या आपोआप वर उठतात. ही पाकिटं पीव्हीसीच्या आमिषांबरोबर एका डब्यात ठेवली तर दोन्ही विरघळून एकमेकांना चिकटतात, आणि अशा रीतीने रसायनशास्त्रही त्या माणसाच्या अभ्यासक्रमात येतं.

खोलीचा विचार करायला लागलं की प्रकाशाचा धडा सुरू होतो. पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेतं, म्हणून दुकानात झगमगणारा लाल खोल पाण्यात काळपट होत जातो. गढूळ पाण्याचं गणित आणखी निराळं. एका पाकिटाच्या निवडीपायी हा माणूस कवचधारी प्राण्यांचं जीवन, माशाचे डोळे, ऋतूंचं तापमान आणि पाण्यातला प्रकाश एवढं शिकतो. भिंतीवरचं हाताला येईल ते पहिलं पाकीट उचलणाऱ्या व्यवहारी माणसालाही मासा मिळतो. नदी मात्र त्याला परकीच राहते.

शेवटी हाती काय लागतं, हेही सांगायला हवं. बहुतेक वेळा धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडला जातो. चुलीवर काही चढत नाही. ज्या कलेतून पोट भरत नाही तिच्यासाठी माणूस इतका बारकाईने पाहायला शिकतो, हे मला माणसाबद्दल फार आशा देणारं वाटतं.

खोट्या क्रॉफिशच्या बाजूने एक भक्कम मुद्दा राहतो. ओहायो नदीच्या खोऱ्यातला गंजक्या रंगाचा ‘रस्टी’ क्रॉफिश आमिषाच्या बादल्यांतून उत्तरेकडे विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या तलावांत पोहोचला. उरलेले जिवंत क्रॉफिश लोकांनी पाण्यात ओतले. ही आक्रमक जात पाणवनस्पती छाटून टाकते आणि मूळच्या क्रॉफिशना हुसकावते. जिवंत क्रॉफिश वापरण्यावर आणि वाहून नेण्यावर अनेक राज्यांनी निर्बंध घातले ते त्यामुळेच. जपानमध्येही अमेरिकेतून बास १९२५ मध्ये आणि लाल क्रॉफिश १९२७ मध्ये नेला गेला, आणि तिथले लोक आजही दोघांशी झगडत आहेत. प्लास्टिकच्या क्रॉफिशला पिल्लं होत नाहीत. या एका बाबतीत भिंतीपुढचा वेडा माणूस दगडाखालचा फुकट क्रॉफिश दूरच्या तलावात नेणाऱ्या व्यवहारी माणसापेक्षा निश्चित शहाणा ठरतो.

पण प्लास्टिक हे प्लास्टिकच आहे. माशाने फाडलेली, गळावर न टिकणारी आमिषं बोटीतून सरळ पाण्यात टाकायची सवय अनेकांना आहे. ती कुजत नाहीत. पाण्यात फुगतात, तळाशी पडून राहतात, मासे ती गिळतात आणि ती त्यांच्या पोटात सापडतात. २०१३ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला होता. तेव्हा बंदी झाली नाही. पुन्हा तसा प्रस्ताव आला तर त्याला तळाशी पडलेल्या नांग्याच कारण असतील. नांगीच्या टोकाचा रंग ठरवायला तासभर घालवणाऱ्याने तीच नांगी फाटल्यावर क्षणात पाण्यात भिरकवावी, ही त्याच्या वेडाशी बेइमानी आहे.

म्हणून या पंथातल्या सगळ्यांना, विशेषतः अमेरिकेत राहून नव्याने बासच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींना, माझी विनंती आहे. भिंतीपुढे हवा तितका वेळ उभे राहा. काळ्यातल्या निळ्यावर मनसोक्त वाद घाला. दगड उलटा आणि खालचा प्राणी पाहून झाला की दगड होता तसा परत ठेवा. जिवंत क्रॉफिश एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कधीही नेऊ नका. बोटीत एक रिकामी पिशवी ठेवा आणि फाटलेली प्रत्येक नांगी तिच्यात घालून घरी आणा.