झाकण नसलेला अँप्लीफायर

उमरग्यापासून परंड्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात जा, तिथं एक आप्पा असतातच. कुठं ते झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात, कुठं सोसायटीचे सचिव असतात, कुठं आयटीआय झालेले वायरमन. पण हा झाला पोटापाण्याचा भाग. खरे आप्पा रात्री जेवणं उरकल्यावर, माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत सुरू होतात. हातात सोल्डरिंग गन, नाकात रोझिनचा धूर, कपाळावर आठ्या. आप्पा घरी अँप्लीफायर बनवत असतात. ‘बनवला’ असं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही.

आप्पा ओळखायची खूण म्हणजे त्यांच्या अँप्लीफायरला झाकण नसतं. का नाही, असं विचारलं तर म्हणतात, “झाकण लावलं की बिगडतंय बगा.” खरं कारण निराळं. आत एक कंडेन्सर अजून बदलायचा असतो. तो बदलला की ट्रान्सफॉर्मर कमी वाटायला लागतो. ट्रान्सफॉर्मर मोठा आणला की तो डब्यात मावत नाही. मग नवा डबा. त्याचं झाकण पलंगाखाली जुन्या झाकणांत जाऊन पडतं.

सामान गावात मिळत नाही. मग घरच्यांना घेऊन आप्पा तुळजापूरला जातात, सगळ्यांना दर्शनाच्या रांगेत उभं करतात आणि स्वतः पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरातून डायोड घेऊन येतात. गर्दीच्या दिवशी रांग तेवढी सहज पुरते. घरात आप्पा भलतेच भाविक समजले जातात. पुण्यातली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही पुढची ठाणी. तिथली वारी नात्यातलं लग्न बघून करावी लागते. या सगळ्याचा खर्च वहीत ‘बोअरची मोटार भरली’ या नावाखाली पडतो. एका वर्षात ती मोटार चार-चारदा भरली जाते. बोअरला पाणी नाही हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक असतं.

घरातला जुना मिसळणाचा डबा केव्हाच वर गेलेला. मोहरीच्या वाटीत डायोड, हळदीच्या वाटीत बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि मधल्या वाटीत रेझिस्टर. रेझिस्टरची किंमत त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात, आणि ती सवय आप्पांना दुकानातही सोडत नाही. दिवाळीला काकूंनी एक साडी पसंत केली: पिवळं अंग, जांभळा काठ, त्यावर लाल रेघ, शेवटी सोनेरी जर. आप्पा तंद्रीत म्हणाले, “चार हजार सातशे. जर सोनेरी हाय, म्हंजे पाच टक्के कमी-जास्त.” दुकानदार हात जोडून म्हणाला, “मालक, साडी अठराशेचीच हाय. पर तुमी सत्तेचाळीसशे देत असाल तर पाच टक्के सोडतो की!”

आप्पांना सगळ्यात जास्त राग येतो तो “किती वॅटचा हाय?” या प्रश्नाचा. ते ४४४० नंबरची आयसी काढून समोर धरतात. जपानच्या सान्यो कंपनीनं ती गाडीतल्या टेपसाठी काढली. गाडीच्या बॅटरीवर एका बाजूला ६ वॅट. दोन्ही बाजू जुंपून एकाच स्पीकरला दिल्या तर १९. बस. पोरं हसतात, कारण त्यांच्याकडच्या बाजारी खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ छापलेलं असतं. आप्पा ते खोकं नुसतं हातानं तोलतात आणि परत देतात. आतला ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा. “वॅट वाचायचे नसतेत बाळा, उचलून बगायचे असतेत.”

एकदा फाल्गुनात आप्पा गोरोबाकाकांच्या तेरहून चांगला खणखणीत माठ घेऊन आले. उन्हाळा तोंडावर होता. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी माठाच्या तोंडात चार इंची स्पीकर बसला होता आणि पोटाला भोक पडलं होतं. आप्पांनी समजावून सांगितलं: गोल पोटात समोरासमोर सपाट भिंती नसतात, त्यामुळं आवाज त्यांच्यात आपटत राहत नाही, आणि भोकाशी हवा हेलकावली की खालचा सूर भरून येतो. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे गणित मांडून ठेवलंय. काकूंनी शांतपणे विचारलं, “अहो, मग त्यांच्या घरची माणसं पाणी कशात ठेवत होती?”

आप्पांचा खरा वैरी मात्र वेगळाच. तो म्हणजे ‘घुं’. अँप्लीफायर चालू केला की गाण्याच्या मागं जी बारीक घरघर असते ती. इतरांना ती ऐकूच येत नाही. आप्पांना तिच्याशिवाय काही ऐकू येत नाही. त्यांना तिच्या जातीसुद्धा माहीत आहेत. सेकंदाला ५० कंपनांची असेल तर अर्थिंगचा घोटाळा, नाहीतर शिल्डची वायर उघडी. १०० ची असेल तर कंडेन्सर अपुरा. इनपुटवर बोट टेकवलं की घर्र होतं, कारण माणसाचं अंगही भिंतीतल्या वायरींची वीज ओढून घेतं. ही घुं मारण्यात आप्पांच्या कितीतरी रात्री गेल्यात. ती गेली असं वाटतं न वाटतं तोच रानातली थ्री फेज येते, शिवारभर मोटारी सुरू होतात, व्होल्टेज बसतं आणि पहिल्यापासून सगळं परत.

म्हणून आप्पा तुम्हाला “ऐकायला या” म्हणतात तेव्हा गाण्याची आशा धरू नका. ते आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतात, गाणं लावतच नाहीत आणि तुमच्या तोंडाकडं बघत राहतात.

“काय ऐकू यायलंय?”

“काहीच नाही, आप्पा.”

“हां! त्येच!”

एवढी तारीफ त्यांना वर्षभर पुरते. फारच आग्रह केला तर एखादं गाणं लावतात, पहिली झांज वाजली की “ऐकली?” म्हणतात आणि बंद करतात. शेकडो गाण्यांची सुरुवात त्यांना पाठ आहे. शेवट एकाचाही नाही.

असा माणूस गणपतीच्या दिवसांत डीजेसमोर उभा राहिला की काय होणार? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आप्पा मोबाइलवर मोजून आकडा पोरांना दाखवतात. आकडा पाहून पोरांना आणखी चेव येतो. मग ऐन मिरवणुकीत, चौकात, डीजे अचानक बंद पडतो. ऑपरेटर घामाघूम होतो आणि सगळे एकमुखानं ओरडतात, “आप्पांना बोलवा!”

आता खरं तर आप्पांनी घरी निघून जावं. गावाला एक रात्र तरी झोप मिळेल. पण मिक्सरचं झाकण उघडलेलं दिसलं की आप्पांचा पाय निघत नाही. टॉर्चच्या उजेडात ते तुटलेला सांधा बरोब्बर हुडकतात, पेस्ट लावतात, डाग मारतात. चौक पुन्हा हादरायला लागतो, पोरं आप्पांना खांद्यावर उचलतात. आप्पा दोन्ही कानांत बोटं घालून वरून ओरडत असतात, पण काय, ते कुणालाच ऐकू येत नाही. रात्री पोलिसांत तक्रार द्यायचा विचार त्यांच्या मनात येतो. पण द्यावी कुणाच्या नावानं? डाग तर स्वतःचाच, आणि तोही पक्का.