गाडी पाहायला भाऊ लागतात

कारंजा (घाडगे) हे गाव कंसासकट सांगावं लागतं. कंस गळाला की माणूस वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला जाऊन उतरतो. जुन्या मोटारसायकलींच्या मागे लागलेली पुण्याकडची पोरं हमखास तिकडे उतरतात, तिथून फोन करतात आणि दिवस मावळता मावळता नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या स्टँडवर पोचतात. पोचल्यावर त्यांना कळतं की इथे गाडी पाहायची तर आधी भाऊंना भेटावं लागतं.

भाऊंचं नाव गावात कोणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार, एक ठाणेदार आणि एक भाऊ असतोच. पहिल्या दोघांची बदली होते.

भाऊ मेकॅनिक नाहीत, आणि हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. "मेकॅनिक गाडी खोलते, मी गाडी पाहतो. हात काळे झाले का नजर जाते." त्यांच्या हातात पाना कोणी पाहिलेला नाही. सात-बाऱ्यावर ते संत्र्याचे बागायतदार आहेत. पण बगीचा धाकटा भाऊ सांभाळतो, यंदा आंबिया बहार घ्यायचा की मृग हेही तोच ठरवतो. भाऊंचा मुक्काम स्टँडजवळच्या पंक्चरच्या दुकानातल्या बाकावर. रस्त्याने फटफटीचा आवाज आला की पाठ न वळवता गाडी कोणती ते सांगायचं, हा त्यांचा रियाज. चुकलं तर सायलेन्सर बदललेला असतो.

ही विद्या वडिलोपार्जित आहे. आर्वी-कारंज्याचा हा पट्टा गवळाऊ जनावरांचा. हेटीकुंडीला त्यांचं सरकारी पैदास केंद्रच आहे. भाऊंच्या वडिलांना लोक बैल घ्यायला सोबत नेत. ते बैलाचा ओठ वर करून दात पाहत, दोनदाती की चारदाती की जुळलेला ते सांगत, शेपटी पिरगाळत, चार पावलं चालवून घेत. भाऊंनी हे सगळं जसंच्या तसं मोटारसायकलीला लावलं. दातांच्या जागी फक्त चेसिस नंबर आला. रुमालाखाली बोटं धरून भाव करण्याची रीतही त्यांनी काही काळ चालवली होती. पुण्याच्या एका पोराने हात झटकून "काका, काय करताय?" असं मोठ्याने विचारलं, तेव्हापासून ती बंद आहे.

गाडीपाशी गेल्यावर भाऊ गाडीकडे पाहत नाहीत. आधी जमीन पाहतात. तेलाचा डाग बरोबर इंजिनाखाली असेल तर मालक सरळ आहे. डाग दोन हात बाजूला असेल तर गाडी आजच सरकवली आहे. डागावर ताजी माती टाकलेली असेल तर भाऊ मालकाकडे पाहून नुसते हसतात. मग तळवा उलटा करून इंजिनाला लावतात. इंजिन कोमट लागलं की अर्धी बोलणी तिथेच उरकतात. "सकाळपासून किती किका मारल्या?" मालक म्हणतो, आत्ताच दळण घेऊन आलो. जुनं इंजिन थंड असताना किती किकांत उठतं, यावरच त्याची तब्येत कळते, आणि विकणारा नेमकी तीच परीक्षा चुकवू पाहतो. भाऊ बाकावर बसतात, चहा मागवतात, इंजिन थंड होईपर्यंत पावसापाण्यावर बोलतात. मालकाला घाम फुटतो.

त्यानंतर खिशातून चुंबक निघतं. जुन्या स्पीकरचं, फडक्यात गुंडाळलेलं. ते टाकीवरून, मडगार्डवरून सावकाश फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे पत्रा खाल्लेला आहे आणि पुट्टी भरून वर रंग मारलेला आहे. मग टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारायचा, गंज पाहायचा. सगळ्यात शेवटी हँडल पूर्ण वळवून भाऊ गाडीच्या मानेपाशी उकिडवे बसतात. तिथे चेसिसचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून नातवाच्या पेन्सिलीने छाप घेतात आणि छाप उजेडाला धरतात. आकडे एका ओळीत आहेत का, एका खोलीचे आहेत का, खाली ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा तर नाहीत? "कंपनीचा आकडा उभा राहते. नाचणारा आकडा गल्लीतला." मग तोच प्रकार इंजिनाच्या नंबराचा, आणि दोन्ही नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडायचे. इथवर भाऊंना कोणी हसू नये. या दहा मिनिटांनी कित्येकांचे पैसे आणि काहींची पोलीस ठाण्याची वारी वाचवली आहे.

हसायचं ते पुढे, भाऊ बोलू लागले की.

बुलेटचा विषय निघाला की ते बाकावर मांडी घालतात. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, इंग्लंडहून आठशे बुलेट आल्या, मग १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, हे ते अशा थाटात सांगतात की त्या आठशेच्या आठशे गाड्या भाऊंनीच चुंबक फिरवून पास केल्या असाव्यात. मग गिऱ्हाईकाला म्हणतात, "एक चक्कर मारून या." जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. पुण्याचं पोरगं समोर म्हैस आली की सवयीने उजवा पाय दाबतं. ब्रेकऐवजी वरचा गिअर पडतो आणि गाडी पानठेल्याकडे निघते. पानठेलेवाल्याने आता पुढे दोन सिमेंटचे खांब रोवले आहेत.

राजदूत पाहताना भाऊंचा पहिला प्रश्न, "डबे लावले होते का?" पोलंडच्या एसएचएल गाडीवरून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकात काढलेली ही १७५ सीसीची गाडी दूधवाल्यांनी देशभर राबवली. दोन्ही अंगांना कॅन वाहिलेली चेसिस मागून पसरते; भाऊ मागे उभे राहून एक डोळा मिटून ते पाहतात. तिची धाकटी बहीण जीटीएस. 'बॉबी' चित्रपटात १९७३ मध्ये ऋषी कपूरने ती चालवली आणि तिचं नावच बॉबी पडलं. वर्धा जिल्ह्यात निदान चार घरी पिक्चरमधली तीच गाडी आहे. भाऊंना विचारलं तर ते म्हणतात की चारही खऱ्या असू शकतात, शूटिंग बरेच दिवस चाललं असेल.

पण खरी गर्दी आरएक्स १०० ला. १९८५ ते १९९६ एवढीच तिची हयात, आणि सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले होते. त्यामुळे आज विकायला निघालेली प्रत्येक आरएक्स "जपान इंजिन" असते, ९५ सालचीसुद्धा. भाऊ नंबराची सुरुवात '१एल१' आहे का ते बघतात आणि वर शंभरची कव्हरं चढवलेल्या आरएक्स १३५ वाल्याला परत पाठवतात. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. एवढी हलकी आणि एवढी पळणारी गाडी इथे कोणाकोणाच्या कामी आली असेल, ते सांगायला नको. जप्त झालेल्या गाड्या ठाण्याच्या आवारात पावसात उभ्या राहून लिलावाला येतात. भाऊ सीट उचलून खाली नाक नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "मोहाची हाय. मशीन एक नंबर, कागद दोन नंबर."

कागदांचं प्रकरण त्यांना मशीनपेक्षा जास्त आवडतं. १९८९ च्या आधीच्या प्लेटवर 'एम' ने सुरू होणारी तीन अक्षरं. मग एमएच आलं आणि वर्ध्याला ३२ मिळाला. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, त्यावर पर्यावरण कर. बुक कोणाच्या नावावर?

"आजोबाच्या."

"सहीले कुठे असते आजोबा?"

"वारले ना ते. अठ्ठ्याण्णवले."

"मंग तिथून सही आणून राहिला का तू?"

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला. पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर वेगळी नोंदणी होते, प्लेटवर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. कोणीतरी हे भाऊंना वाचून दाखवलं. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे वीस हजार भरा अन् पायी फिरा."

आता भाव. भाऊंचा ठाम सिद्धांत असा की गाडीला भाव नसतो, माणसाला असतो. रंग, क्रोम, ओरिजिनल मीटर यांचे पैसे ते बोटांवर मोजतात, पण आकडा उच्चारण्याआधी गिऱ्हाईकाचे बूट पाहतात. हेल्मेटवर कॅमेरा असेल तर गाडी तिथल्या तिथे महागते. सगळ्यात महाग पडतं ते एक वाक्य, "माझ्या बाबांकडे अगदी अशीच होती." हे वाक्य मालकाच्या कानावर गेलं की पंधरा हजार गेले. म्हणून भाऊ निघतानाच बजावतात, "गाडीपाशी बाप काढायचा नाही. बाप काढायचा तं घरी जाऊन काढजो." पोरं हो म्हणतात, आणि टाकीवर हात ठेवताच त्यांचे डोळे भरून येतात. भाऊ कपाळावर हात मारतात. अर्थात दुसऱ्या दिवशी तेच भाऊ विकणाऱ्याच्या बाजूने बसले असतील तर गिऱ्हाईकाला हळूच विचारतात, "तुमच्या वडिलांकडे कोणती होती?"

कमिशन घेत नाहीत. चहा आणि एक आलूबोंडा. याचं कारण दानत असं मी समजत होतो. पण कमिशन सौदा झाला तर मिळतं, आणि भाऊंनी पाहिलेल्या गाडीचा सौदा सहसा होत नाही. त्यांना प्रत्येक गाडीत काहीतरी सापडतंच. घेणारा घाबरतो, विकणारा रुसतो, आणि भाऊ समाधानाने बाकावर परततात. एखादा सौदा त्यांच्या नजरेतून सुटून झालाच, तर पुढे कित्येक दिवस ते "पाहतीन, पाहतीन" एवढंच म्हणत असतात.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या तोडीचा माणूस आला. जवळच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्या काकांकडे जावा असल्याची बातमी लागली होती. जावा म्हणजे मैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची, दोन सायलेन्सरची, किकचाच दांडा गिअर म्हणून वापरायची ती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. यंत्र जवळपास तेच, तरी जावा नावाला भाव जास्त. म्हणून येझदीच्या टाकीवर जावाचा बिल्ला चढवणारेही निघाले. मालकाने भाऊंना बोलावलं. घेणाऱ्याने आर्वीहून स्वतःचा जाणकार आणला.

दोघांनी रामराम केला आणि गाडीभोवती फिरू लागले. फिरतच राहिले. वाकायला कोणी तयार नाही, कारण जो आधी वाकला त्याला शंका आहे असा अर्थ झाला असता. भाऊंनी लांबूनच चुंबक दाखवलं. आर्वीवाल्याने खिशातून भिंग काढलं. ऊन चढलं. शेवटी दोघं एकदमच वाकले, टाळक्याला टाळकं आपटलं, आणि त्यानंतर जो वाद पेटला तो दुपारपर्यंत विझला नाही. भाऊ म्हणत, अस्सल जावा, ७१ ची, मीटर पाहा, झेक कंपनीचं आहे. आर्वीवाला म्हणे, मीटर कुठूनही येतं, ही ७४ ची येझदी आहे, बिल्ला मागून बसवला. सायलेन्सरवर भांडण झालं, हेडलाइटवर झालं, टाकीच्या गुडघ्याजवळच्या रबरावर झालं. घेणारा मुलगा दोघांचा व्हिडिओ काढत होता.

बाजेवर बसलेले काका हे सगळं ऐकत होते. त्यांनी दोनदा हात वर केला, कोणी पाहिलं नाही. तिसऱ्यांदा ते उठूनच आले.

"अरे, मी म्हणून राहिलो का... नवी मीच घेतली ना हे. नागपूरहून चालवत आणली. बिल हाय पेटीत."

दोन्ही जाणकारांनी वर पाहिलं. मुलगा म्हणाला, "बिल बघायचं का मग?"

"काका," भाऊ समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सावलीत बसा. उन्हात येऊ नका."

आर्वीवाल्याने मान डोलावली. तेवढ्यापुरतं दोघांचं जमलं. "बिलाचं काय सांगता काका," तो म्हणाला, "बिल तं कोणीही ठेवते."