तहकुबीचे शास्त्र

महसूल खात्यातून मामलेदार म्हणून सेवानिवृत्त झालेला गृहस्थ स्वदेशात असेतोवर कोणास फारसा जाच करीत नाही. सकाळी पर्वती, दुपारी वामकुक्षी आणि सायंकाळी बागेतल्या बाकावर राज्यकारभाराच्या सांप्रतच्या दुरवस्थेचा परामर्श, एवढ्या नित्यकर्मात त्याची अधिकारवासना शमून जाते. परंतु तोच गृहस्थ सहा महिन्यांच्या मुदतीने न्यू जर्सीत मुलाकडे गेला, नोव्हेंबरच्या थंडीने त्याचे बाहेर पडणे बंद झाले, आणि मुलगा व सून आपापल्या कचेऱ्यांत अंतर्धान पावली, म्हणजे हुकूम सोडण्यास स्वयंपाकघराखेरीज अन्य मुलूख उरलेला नाही, हे त्यास उमगते. डोक्यास कानटोपी, अंगात मुलाने टाकून दिलेला कोट, आणि कोणत्याही डब्यावरील बारीक अक्षर साद्यंत वाचल्यावाचून त्यातील जिन्नसास स्पर्श न करण्याचे व्रत, या लक्षणांवरून हा रावसाहेब तिकडच्या प्रत्येक मराठी वस्तीत ओळखू येतो. एडिसन गावचे आमचे रावसाहेब या जातीचे अस्सल प्रतिनिधी होत.

थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो व ही तिथी १९४१ साली कायद्याने मुक्रर झालेली आहे, असे कळताच, सणाचा निर्णय पंचांगकर्त्यांच्या मतभेदांवर न सोपवणाऱ्या त्या राष्ट्राविषयी त्यांचा आदर द्विगुणित झाला. आणि त्या दिवशी भोपळ्याचा पाय करावयाचा असून त्याची पारी दुकानातून तयार आणावयाची आहे, हे सूनबाईच्या तोंडून निघताच, सरकारी कामात बाहेरचा ठेकेदार आणल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पारी घरीच व्हावयाची, असा हुकूम सुटला.

हुकुमाची तामील अर्थातच त्यांच्या कुटुंबाने करावयाची होती. या माउलीची घडीची पोळी सबंध आळीत नावाजलेली, आणि तिचे रहस्य एवढेच की कणीक इतकी तिंबावयाची की बोटास तिचा लोण्यासारखा स्पर्श व्हावा. तोच न्याय तिने मैद्यास लावला, आणि भट्टीतून जे बाहेर आले त्याने सुरीस दाद दिली नाही. दोष तिच्या हाताचा नव्हता, गुणाचा होता. मैद्यात पाणी पडून मळणी सुरू झाली की ग्लूटेनचे चिवट तंतू विणले जातात. तेच पोळीस ताणले जाण्याचे सामर्थ्य देतात आणि पायच्या पारीस मात्र वातड करून सोडतात. शिवाय या पारीत लोणी एकजीव व्हावयाचे नाही. ते थंडगार, वाटाण्याएवढ्या खड्यांच्या रूपाने पिठात जागोजाग पहुडलेले असावे, म्हणजे भट्टीच्या आचेने त्यातील पाण्याची वाफ होऊन पिठाचे पापुद्रे सुटे होतात. "म्हणजे आमच्या चिरोट्यात साटा करतो तेच काम, फक्त इथे तो फासून लावायचा नाही," एवढे मर्म ओळखून ती माउली बाजूस झाली, आणि रावसाहेबांनी प्रकरण स्वतःकडे वर्ग करून घेतले.

प्रथम दप्तर सिद्ध झाले. वजनाने मैदा ३ भाग, लोणी २ भाग व बर्फाचे पाणी १ भाग, हे प्रमाण त्यांनी लाल शाईने नोंदवले, आणि 'अंदाजे' व 'चवीपुरते' हे दोन शब्द स्वयंपाकघरातून तात्काळ बरखास्त केले. पुढे अडचण उपस्थित झाली ती व्होडकाची. 'कुक्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकाने २००७ साली असा तोडगा प्रसिद्ध केला होता की निम्म्या पाण्याऐवजी व्होडका घालावी, कारण मद्यार्काच्या संगतीत ग्लूटेन धरत नाही आणि पीठ मात्र लाटण्याजोगे ओलसर राहते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा ज्यांस कलमवार मुखोद्गत, अशा पुरुषापुढे हा केवढा पेच! दोन दिवस विचार करून त्यांनी शेरा मारला: "मद्यार्क भट्टीत उडून जातो. सबब मुद्देमाल घरातील मंडळींच्या समक्ष नष्ट होत असल्याने हरकत नाही."

यापुढील भाग मात्र असा निघाला की जणू तो त्यांच्याचसाठी राखून ठेवलेला असावा. पिठास हात कमीत कमी लावावा. गोळा जेमतेम जमला की थांबावे. तो गुंडाळून तासभर शीतकपाटात ठेवावा. लाटून ताटलीत बसवल्यावर पुन्हा थंड जागी ठेवावा, कारण विश्रांतीवाचून भट्टीत घातलेली पारी आखडून कडेवरून खाली घसरते. काहीही करू नये, प्रत्येक टप्प्यावर प्रकरण थंड जागी तहकूब ठेवावे, आणि विलंबास शास्त्राचा आधार असावा: ज्या कलेस हयातभर लोकांनी नावे ठेवली, तिचे चीज व्हावयास अटलांटिक महासागर ओलांडावा लागला. कुटुंबाने एकदा न राहवून विचारले, "अहो, यात तुम्ही केलंत काय?" रावसाहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "तेच तर!"

भोपळ्याचे पातळ सारण ओतण्यापूर्वी पारी रिकामी भाजून घ्यावी लागते, आणि ती फुगू नये म्हणून तिच्यावर कागद अंथरून कोरड्या राजम्याचे ओझे ठेवतात. हा राजमा पुढे शिजत नाही. मात्र याच कामी पुनःपुन्हा उपयोगी पडतो. रावसाहेबांनी त्याची स्वतंत्र बरणी करून तीवर चिठ्ठी डकवली: 'कायम आस्थापना. अन्य कामी वापरू नये.'

गुरुवारी पाय उत्कृष्ट झाला. पारी तोंडात खुसखुशीत विरत होती, हे त्यांच्या शत्रूसही, म्हणजे सुनेच्या भावासही, कबूल करावे लागले. शेजारच्या अमेरिकन बाईंनी कृती लिहून मागितली, तेव्हा रावसाहेबांनी जन्मभराच्या सवयीने त्यांस सोमवारी येण्यास सांगितले. सोमवार म्हटल्यावर सोमवारीच येणारी प्रजा त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. बाई सकाळी दहाच्या ठोक्यास दाराशी हजर झाल्या, आणि नक्कल तयार नसलेले रावसाहेब प्रथमच गडबडून, संबंधित कारकून रजेवर असल्याचे त्यांस इंग्रजीत समजावू लागले. तोच आतून कुटुंबाचा आवाज आला:

"कारकून हजर आहे म्हणावं, साहेबच फिरतीवर गेलेत!"