ओनोसाहेब, आपले पुस्तक कार्यवाहीत आहे

प्रति,
कै. ताइची ओनो,
माजी कार्यकारी उपाध्यक्ष, टोयोटा मोटर कंपनी, जपान.

विषय : कार्यालयीन कामकाजातील अपव्यय निर्मूलनाबाबत.
संदर्भ : आपले १९७८ सालचे पुस्तक (या कार्यालयात आवक नोंद : गेला आठवडा).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आमचे साहेब प्रशिक्षणाहून येताना आपले पुस्तक घेऊन आले आणि त्यावर ‘तपासून अहवाल सादर करा’ असा शेरा मारून त्यांनी ते माझ्या टेबलावर पाठवले. आपण १९९० सालीच निवर्तल्याचे मागाहून समजले. तथापि, आवक झालेल्या कागदाला उत्तर गेल्याखेरीज तो निकाली काढता येत नाही, सबब हे पत्र.

आपण कारखान्यातले सात अपव्यय सांगितले आहेत : गरजेपेक्षा जास्त माल काढणे, वाट पाहणे, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसांची वायफळ हालचाल आणि सदोष काम. यादी वाचून शाखेत समाधान पसरले. सातही बाबी आमच्याकडे मुबलक असून एकीचीही टंचाई नाही.

नमुन्यादाखल एका वैद्यकीय देयकाची हकिकत सादर करतो. एका कर्मचाऱ्याच्या आईची शस्त्रक्रिया झाली. त्याचे देयक लिपिकाकडून माझ्याकडे, माझ्याकडून अधीक्षकांकडे, तिथून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, परत आमच्याकडे, मग लेखा शाखेकडे, मग साहेबांकडे आणि शेवटी कोषागारात गेले. त्या कागदावर प्रत्यक्ष पेन टेकले तो वेळ सगळा मिळून तासभर भरेल. पैसे मिळायला अडीच महिने लागले. आपल्या हिशेबाने एक तास काम आणि बाकी सारी वाट पाहणे. आमच्या हिशेबाने ते अडीच महिने ‘कार्यवाही सुरू’ होती.

एका वेळी एकच नग पुढे सरकवावा, गठ्ठा साचू देऊ नये, असे आपल्या पद्धतीत आहे. त्रुटींच्या बाबतीत हे तत्त्व आम्ही काटेकोर पाळतो. पहिल्या खेपेला ‘पावतीवर रुग्णाचे पूर्ण नाव नाही’ म्हणून देयक परत केले. नाव आले, तेव्हा ‘मूळ प्रत जोडावी’. मूळ प्रत आली, तेव्हा ‘विहित नमुन्यात नाही’. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या. पण एका वेळी एकच.

तपासणीबाबतही आम्ही मागे नाही. प्रत्येक टेबलावर ‘वरीलप्रमाणे, मान्यतेस्तव सादर’ असे लिहून सही होते. खालचा सही करतो, कारण वरचे चार जण तपासणारच आहेत. वरचा करतो, कारण खालच्या चौघांनी तपासलेच असणार. पाच सह्या होतात. आकडेमोड चुकली होती हे अखेर कोषागाराने कळवले.

आपल्या कारखान्यात दोष दिसताच साध्या कामगारालाही दोर ओढून काम थांबवता येते, हे वाचून आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडेही कोणालाही काम थांबवता येते. ‘चर्चा करावी’ एवढे लिहिले की पुरे. फरक इतकाच, की आपल्याकडे दोर ओढला की मदतीला माणसे धावत येतात. आमच्याकडे शेरा मारणारा दौऱ्यावर जातो.

आपण अभियंत्यांना खडूच्या वर्तुळात तासन् तास उभे करून काम कुठे अडते ते बघायला लावत होतात म्हणे. हा उपक्रम आमच्याकडे फार पूर्वीपासून चालू आहे. फक्त वर्तुळात अर्जदार उभा असतो. काम कुठे अडते हे त्याला अचूक ठाऊक असते. त्याला ते विचारण्याची तरतूद नाही. आणि हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी पोचवण्याची आपली कसरत पाहायची असल्यास ३१ मार्चच्या रात्री अवश्य यावे. वर्षभर न आलेला निधी त्या रात्री येतो आणि उजाडण्यापूर्वी खर्ची पडतो.

विलंबाबाबत आम्ही बेफिकीर आहोत असा समज नसावा. महाराष्ट्रात त्यासाठी २००५ चा अधिनियम आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. आम्ही तो सातव्या दिवशी पाळतो. पाच टेबले, पस्तीस दिवस, आणि दोषी कोणीच नाही. कायद्याने कमाल मर्यादा घातली होती. आम्ही तिला किमान मानले.

बरे, हे सारे जपानकडूनच शिकायला हवे होते असेही नाही. ‘लीन’ हे नाव जॉन क्राफसिक यांनी आपल्या पद्धतीला दिले ते १९८८ साली. त्याआधीच, त्याच दशकात, अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची बैठकव्यवस्था बदलली, अभिलेखांची वर्गवारी लावली, गठ्ठे उपसले. ‘लखीना पॅटर्न’ राज्यभर नावाजला गेला. कागदपत्रांची सहा गठ्ठ्यांत विभागणी करण्याची पद्धत आमच्याही कार्यालयात आहे. आम्ही सहा गठ्ठे बांधलेच. शिवाय सातवाही बांधला. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात घालावा हे ठरायचे असलेले कागद त्यात आहेत. तो सर्वांत मोठा आहे.

मध्यंतरी एका नव्या लिपिकाने आगाऊपणा केला. देयकासोबत काय काय जोडायचे त्याची एका पानाची यादी करून त्याने ती खिडकीवर चिकटवली आणि कागद हातात घेतानाच सगळ्या त्रुटी सांगू लागला. खर्च शून्य. देयके तीन आठवड्यांत निघू लागली. पुढे सदर यादी सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेली नसल्याचे निदर्शनास आले व ती काढण्यात आली. मंजुरीचा प्रस्ताव सातव्या गठ्ठ्यात आहे.

कारणाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा ‘का?’ विचारा, असे आपण म्हणता. कार्यालय सुटल्यावर मी एकटाच बसून विचारले. देयक का रखडले? परत गेले म्हणून. का परत गेले? प्रत्येकाने काही ना काही काढले म्हणून. का काढले? काही न काढता सही केली आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर सही करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. मग अडवणाऱ्याला का द्यावा लागत नाही? अडवल्याने जे नुकसान होते ते या कार्यालयाच्या कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. का लिहिले जात नाही? ते अर्जदाराचे असते. त्याची बुडालेली रजा, एसटीचे भाडे, आईच्या उपचारासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज यांसाठी आमच्याकडे लेखाशीर्ष नाही. आपण मालाचा साठा मोजलात, कारण त्यात कंपनीचे पैसे अडकत होते. आमच्या साठ्यात आमचे काहीच अडकत नाही.

हे पाचवे उत्तर मी अहवालात घेतलेले नाही. त्यावर कोणाची सही घ्यावी ते कळेना.

अहवालाच्या अनुषंगाने झालेली कार्यवाही अशी : अपव्यय निर्मूलन समिती स्थापन झाली आहे. तिची बैठक दरमहा होईल. प्रत्येक शाखेने वाचवलेल्या वेळेचे विवरणपत्र चार प्रतींत सादर करावयाचे असून, ते भरण्यासाठी दर शनिवारी कार्यालय सुरू ठेवण्याचे प्रस्तावित आहे.

आपला विश्वासू,
अव्वल कारकून, आस्थापना शाखा
(कार्यालय प्रमुखांकरिता)

प्रत माहितीस्तव : १) सर्व शाखा प्रमुख. २) लेखा शाखा. ३) निवड नस्ती.
अर्जदारास स्वतंत्रपणे कळविण्याची आवश्यकता नाही.