विषय : विद्यार्थ्यांना सुरात आणणेबाबत

प्राथमिक शाळांत पहिलीपासून पद्धतशीर संगीत शिक्षण सुरू करा, अशी मागणी अधूनमधून होत असते. मागणी रास्त आहे. रास्त मागणी मान्य झाली की परिपत्रक निघते, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. खात्यावरचा कामाचा बोजा लक्षात घेऊन त्या परिपत्रकाचा मसुदा आम्हीच तयार केला आहे. सही आणि जावक क्रमांक तेवढा खात्याने घालावा.

अत्यंत तातडीचे

संदर्भ : १) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५, ज्यात कला हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा असावा असे म्हटले आहे. २) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, ज्यात अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको असे म्हटले आहे. ३) बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक. ४) या कार्यालयाचे समक्रमांकाचे पत्र, जे सध्या सापडत नाही.

प्रस्तावना : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडच्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि त्यांची क्रमिक पुस्तके छापली. घराण्यांच्या दाराआडचे गाणे त्यामुळे वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आले. उंबरठा ओलांडून ते आत घेण्याची बाब शासनाच्या विचाराधीन होती. सुमारे सव्वाशे वर्षांचा कालावधी पाहता या प्रकरणी घाई झाली, असा आक्षेप कोणी घेऊ नये.

कलम १ : शिक्षक. स्वतंत्र संगीत शिक्षक मिळणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षकांची तरतूद आहे. कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीला, आणि पट शंभराच्या वर असेल तरच. सबब, ज्या वयात कान सर्वांत तयार असतो त्या वयात कानाला काही लागत नाही, असे कायद्याचे मत दिसते. आहेत त्या गुरुजींना आणि बाईंना तीन दिवसांचे ऑनलाइन गायन प्रशिक्षण देण्यात येईल. प्रशिक्षणादरम्यान सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत.

कलम २ : स्थानिक कलावंत. गावातले भजनी मंडळाचे बुवा, पखवाजी, संबळ वाजवणारे गोंधळी, डफावरचे शाहीर यांना शाळेत बोलावण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्याकडे विशारदचे प्रमाणपत्र, टीईटी आणि एमएससीआयटी असल्याची खात्री करावी. मानधनाची तरतूद नसल्याने शाल-श्रीफळ द्यावे. तेही लोकसहभागातून.

कलम ३ : वाद्ये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही राज्यासाठी अभिमानाची बाब आहे. प्रत्येक शाळेने व्हरांड्याच्या भिंतीवर तंबोऱ्याचे चित्र रंगवून घ्यावे. आपल्या शाळांच्या भिंती ‘बोलक्या’ असल्याने तो आपोआप वाजेल. पेटी मिळाल्यास जडसंग्रह नोंदवहीत नोंद करून कपाटात कुलूपबंद ठेवावी. किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी. मुख्याध्यापक पंचायत समितीत बैठकीला असावेत.

कलम ४ : तासिका. आठवड्यातून एक, शनिवारी, शेवटची. गणित मागे पडले असल्यास या तासिकेत गणित घ्यावे. सोमवारच्या परिपाठात स्पीकरवर राष्ट्रगीत आणि २०२३ पासून लागू झालेले राज्यगीत लागते. त्या वेळी ओठ हलवणाऱ्या विद्यार्थ्यांनी समूहगायनाची क्षमता प्राप्त केली असे धरावे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे कायद्याच्या कलम २७ नेच शिक्षकांना दिलेली असल्याने त्या काळात तासिका बुडाली असे म्हणू नये. तालात टाळीइतकेच महत्त्व ‘खाली’ला असते. रिक्त पदांकडेही याच दृष्टीने पाहावे.

कलम ५ : मूल्यमापन. परीक्षा लेखी राहील. नमुना प्रश्न : ‘भूप रागात कोणते स्वर वर्ज्य आहेत?’ मध्यम आणि निषाद असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण. त्याने भूप ऐकला आहे की नाही, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

कलम ६ : माहिती भरणे. प्रत्येक तासिकेचा फोटो त्याच दिवशी ॲपवर चढवावा. फोटोत आवाज येत नसल्याने मुलांना तोंड मोठे उघडण्याच्या सूचना द्याव्यात. बेसूर विद्यार्थ्यांची संख्या प्रपत्र ‘ब’ मध्ये मुले, मुली आणि प्रवर्गनिहाय कळवावी. संख्या शून्य असल्यास निरंक अहवाल सादर करावा. कसूर झाल्यास मुख्याध्यापक सर्वस्वी जबाबदार राहतील.

मसुदा संपला. यातले एकही कलम आम्हाला डोक्याने काढावे लागले नाही. क्रीडा, कार्यानुभव, वाचन, योग अशा प्रत्येक उपक्रमाच्या वाट्याला ही कलमे थोड्याफार फरकाने आलेली आहेत. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना हे वाचायला द्या. ते हसणार नाहीत, ‘शेवटची तारीख कोणती?’ एवढेच विचारतील.

ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांची गोष्ट वेगळी. शहरातल्या महागड्या शाळेच्या माहितीपत्रकात संगीत कक्षाचा फोटो तरणतलावाच्या शेजारी असतो. तिथून बाहेर पडणारे मूल पुढे खासगी क्लासला जाते, गांधर्वच्या परीक्षा देते. शास्त्रीय कलेचे वाढीव गुण दहावीला मिळतात हे कळल्यावर तर आईवडिलांचे कान एकदम तयार होतात. पाड्यावरच्या मुलाला हे गुण ठाऊक नसतात, आणि ठाऊक असले तरी परीक्षेपर्यंत नेणारा कोणी नसतो. घरी जात्यावरची ओवी गेली, बांधावरची भलरी गेली. मग त्याचे संगीत शिक्षण गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे करतो. त्याच्याकडे तासिका अपुऱ्या पडत नाहीत, आणि पालकसभेत कोणी आवाजही चढवत नाही, कारण तो ऐकूच येणार नाही.

गंमत म्हणजे या कामाला पैसा फारसा लागत नाही. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराच्या प्रेरणेने १९५० साली केच्केमेट गावी गाण्याची प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथे मुख्य वाद्य मुलांचा गळा आणि मुख्य पद्धत रोज थोडे गाणे. स्वर हाताच्या खुणांनी दाखवायचे, आणि ‘सा’ मुलांना झेपेल तिथे धरायचा. हलता ‘सा’ आपल्याकडे परंपरेनेच आहे, त्यासाठी कोणालाही परदेशी अभ्यासदौऱ्यावर पाठवायला नको. लेझमीच्या ठेक्यावर बिनचूक पावले टाकणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. लय त्यांच्या अंगात आहेच. कमी आहे तो समोर उभा राहून गाणारा माणूस.

म्हणून खात्याला एक विनंती. केंद्रप्रमुखांच्या हाताखालच्या शाळांसाठी एक फिरता संगीत शिक्षक द्या. भजनी मंडळातून आला तरी चालेल, त्याचे गाणे ऐकून घ्या, प्रमाणपत्र नंतर बघा. दर शाळेला आठवड्यात दोन तासिका, मानधन महिन्याच्या महिन्याला, आणि त्याच्याकडून एकही प्रपत्र भरून घ्यायचे नाही. एवढे झाले तर वरच्या मसुद्यातले पहिले कलम खोडावे लागेल. ते एक खोडले की उरलेली पाच कलमे कोणी वाचली नाहीत तरी चालेल.