कोणाकडे आलात?

ऑफिसातल्या एका जुन्या मित्राला माती द्यायला आम्ही पाच-सहाजण शिवडीच्या सिमेट्रीत गेलो होतो. जून संपत आला होता. फादरची प्रार्थना चालू होती आणि माझं लक्ष, सांगायला लाज वाटते, वर होतं. डोक्यावर झाडांचं छत, त्यातून टपटप गळणारं सकाळच्या पावसाचं पाणी, आणि इतकी शांतता की शेजारच्याच्या छत्रीवरून ओघळणारा थेंबही ऐकू यावा. मूठभर माती टाकून आम्ही परत निघालो, तेव्हा आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "जागा झकास आहे रे." फ्लॅट बघून आल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मनातल्या मनात हो म्हटलं.

घरी आलो तर बायकोने दार अर्धवटच उघडलं. "बादली भरून ठेवलीय. कशालाही हात लावू नका." अंघोळ करता करता माझ्या मनाने घेतलं की सकाळी फिरायला तिथेच जायचं. हे मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच जाहीर केलं. ती म्हणाली, "जा की. फक्त आल्यावर रोज डोक्यावरून अंघोळ, आणि ते कपडे तुम्ही धुवायचे."

विचार तिथेच थांबायला हवा होता. पण आमच्या घरामागची बाग तुम्ही पाहिलेली नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास, असा आकडा वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतो. सव्वा चौरस मीटर म्हणजे साडेतेरा चौरस फूट. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद खड्डा पंधरा चौरस फुटांचा होतो. म्हणजे या शहरात माणसाच्या वाट्याची जागा त्याच्या मरणानंतर दीड चौरस फुटाने वाढते. माझ्या वाट्याच्या साडेतेरा फुटांवर पेव्हर ब्लॉक बसवलेत. उरलेल्या जागेत फायबरचं एक हरीण आहे, त्याचं एक शिंग गेलंय. काय काय करू नये याचा फलक आहे. झाडं तीन, आणि तिघांच्याही गळ्यात सिमेंटचा कट्टा असा आवळून बांधलाय की श्वास घ्यायची त्यांना चोरी.

गंमत अशी, की शिवडीची ती जागा मुळात बागच होती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाच्या संस्थेने 1830च्या दशकात तिथे झाडं लावली होती. पुढे 1860च्या दशकात शहराला दफनासाठी जागा हवी झाली. म्युनिसिपल कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाच्या मार्केटात आपण अजून आंब्यांचा भाव करतो तेच. त्यांनी ती बाग ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली. सोसायटीची बाग गेली भायखळ्याला आणि तिची झाली राणीची बाग. मंडळी बागेची स्मशानं कशी होतात यावर हळहळतात. इथे मात्र दीडशे वर्षांनंतर हिशेब मांडला तर बाग दोन्हीकडे शिल्लक आहे. राणीच्या बागेत तिकीट काढावं लागतं आणि पेंग्विनसाठी रांग असते, एवढाच फरक.

शिवडीवर त्याच्याही आधी एक स्मशान येऊ घातलं होतं. सरकारच्या मनात आलं, की मरीन लाइन्सजवळचं सोनापूरचं स्मशान उचलावं आणि शिवडीला न्यावं. गिरगावातून खांद्यावर तिरडी घेऊन शिवडी! नाना शंकरशेट यांनी आकाशपाताळ एक करून तो बेत हाणून पाडला. पुढे राणीच्या बागेच्या उभारणीतही याच नानांचा हात होता. स्मशान वाचवणारा आणि बाग उभारणारा माणूस एकच. दादरचंही तसंच आहे. समुद्राकाठच्या स्मशानभूमीला भागोजी बाळूजी कीर यांचं नाव आहे, कारण जागा त्यांनी दिली. मोक्याची जमीन मेलेल्यांसाठी सोडून देण्याची बुद्धी ज्या शहरात माणसांना होत होती, त्याच शहरात आज जिवंत माणसाच्या गाडीला उभं राहायला जागा मिळत नाही.

स्मशानाला आपण स्मशान म्हणत नाही, हेही एक आहेच. पुण्यात वैकुंठ, नाशकात अमरधाम, नागपुरात मोक्षधाम, साताऱ्यात कैलास. नावं ऐकून वाटावं, हिल स्टेशनच्या हॉटेलांची यादी वाचतोय. आणि एवढी सुंदर नावं ठेवून आपण तिथे जातो ते घड्याळ बघत. आपल्याकडे खरं तर जागेची अडचणच नाही. दहन झालं, तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या, जागा मोकळी. मुंबईतल्या बऱ्याच सिमेट्र्यांतही आता कबर कायमची मिळत नाही. दीड-दोन वर्षांनी ती उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. म्हणजे माझा मित्रही तिथे लीव्ह अँड लायसन्सवरच आहे. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेल्या त्या माणसाला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

आपल्याकडे जागा खाते ती लाकडांची वखार. एका चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं. कोल्हापूरकरांनी त्यावर आपला तोडगा काढलाय. पंचगंगेच्या काठी शेणींवर दहन होतं आणि लोक स्मशानाला शेणी दान करतात. त्या भागात रक्षा नदीत न सोडता शेतात टाकून वर रोप लावणारी घरंही आहेत. आंब्याच्या झाडाकडे बोट दाखवून "हे आमचे आण्णा" म्हणायचं, आणि जूनमध्ये आण्णांचे आंबे शेजारीपाजारी वाटायचे.

पण स्मशानातली झाडं आजवर टिकली ती दानाने नाहीत, भुतांनी. पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, वेशीबाहेर वेताळ: वनखात्याला असे पहारेकरी कधी मिळाले नसतील. बिनपगारी, रात्रपाळीचे, लाच न खाणारे. कोकणात देवराईला देवाच्या धाकाने कोयता लागला नाही, इथे भुताच्या. मलबार हिलवर जमिनीचा भाव चौरस इंचांत सांगावा लागतो, तिथे पारशांच्या डुंगरवाडीचं पन्नासाहून जास्त एकरांचं रान तसंच आहे, मोरांसकट. ज्यांच्यासाठी दोखमे, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायचे मनोरे, बांधले ती गिधाडं मात्र गेली. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि ती मेली. 2006 साली त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. रान राहिलं आणि रानाचं कारणच गेलं.

स्मशानात फिरायला जावं की नाही, हा प्रश्न बाहेरच्या लोकांनी आपल्याआधी सोडवलाय. लंडनमधली चर्चची आवारं प्रेतांनी इतकी भरली, की 1852च्या कायद्याने शहरातली दफनं बंद करायला सुरुवात झाली. 1884 साली दुसरा कायदा आला, की अशा बंद दफनभूमीवर इमारत बांधायची नाही. कित्येक आवारांच्या मग बागा झाल्या. उभ्या शिळा उचलून भिंतीला टेकवल्या, मधे हिरवळ आणि बाकं. पोस्टमन्स पार्क त्यातलंच, आणि नाव कशावरून, तर जवळच्या टपाल कचेरीतली माणसं दुपारचा डबा खायला तिथे येत. कोपनहेगनच्या असिस्टन्स दफनभूमीत तर उन्हाळ्यात लोक चटया टाकून ऊन खात पडलेले असतात, आणि पलीकडे हान्स अँडरसन, परीकथांचा बादशहा, निजलेला असतो.

हे मी उत्साहाने बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि तिथे कोणाचं माणूस गेलेलं असेल, ती बाई रडत बसली असेल, आणि तुम्ही शेजारून बुटं वाजवत, कानात गाणी घालून जाणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. चितेच्या ओट्यापाशी, ताज्या मातीपाशी आपलं काही काम नाही, हे कबूल. पण जुन्या कबरींच्या रांगा आहेत, जिथे शंभर वर्षांत कोणी फूल ठेवलेलं नाही. वखारीमागचा कोपरा आहे. कंपाउंडच्या कडेने वाट आहे. तिथे एक बाकडं असलं तर कोणाचा शोक विटाळतो?

भीती मला वेगळीच आहे. उद्या कोणाच्या तरी डोक्यात हे शिरेल आणि लगेच 'सुशोभीकरण' होईल. स्मशानात पेव्हर ब्लॉक येतील, झाडांच्या गळ्यात कट्टे येतील, ओपन जिम येईल, उद्घाटनाची पाटी येईल, आणि कोपऱ्यात एक शिंगमोडकं हरीण. त्यापेक्षा मुंजा परवडला. काही करू नका, एवढंच करा. फाटक सकाळी दोन तास उघडं ठेवा, वाट झाडून घ्या, आणि खाली पडलेली पानं तिथेच राहू द्या.

परवा मी गेलोच. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे आलात?" सोसायटीचा वॉचमन विचारतो तसंच. मी म्हटलं, "मित्राकडे." त्याने मान हलवली, वहीबिही काही पुढे केली नाही. मी मित्रापाशी पाच मिनिटं थांबलो, मग जुन्या रांगांतून एक चक्कर मारली. एका झाडाखाली एक म्हातारा गृहस्थ पेपर वाचत बसला होता. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही, पण दोघांनाही कळलं.

घरी दार अर्धवटच उघडलं गेलं. बादली भरलेली होती. अंघोळ केली, आणि कपडे मीच धुतले.